आईला जागा आहे, भावाला नाही

*पत्र:* "माझी आई ७८ वर्षांची, भाऊ ४७ वर्षांचा. भावाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनचं बौद्धिक अपंगत्व. वडील गेल्यापासून दोघंच राहतात. मी दुसऱ्या गावी असते, नोकरी आणि संसार सांभाळून जमेल तशी जाऊन येते. गेल्या वर्षभरात आई दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा भावाने शेजाऱ्यांना बोलावून आणलं. एका धर्मादाय संस्थेकडे दोघांसाठी अर्ज केला होता. त्यांच्या आवारात ज्येष्ठांचं निवासगृह आणि अपंगांचं निवासगृह अशा दोन वेगळ्या इमारती आहेत. आता उत्तर आलंय: आईला जागा लगेच मिळेल, भावाला प्रतीक्षा यादीत थांबावं लागेल, किती ते सांगता येत नाही. तोवर त्याला मी माझ्याकडे न्यावं, असं ते सुचवतात. शुल्क नाममात्र आहे, पण 'ऐच्छिक देणगी' मागतात आणि एक हमीपत्र भरून द्यायचंय. त्यात 'संस्थेच्या कोणत्याही निर्णयाविरुद्ध तक्रार करणार नाही' असं वाक्य आहे. आई म्हणते, माझे डोळे मिटेपर्यंत तो माझ्यापाशीच राहील. नातेवाईक म्हणतात, ही दोघांना संस्थेत टाकून मोकळी होणार. नाही म्हटलं तर ही जागाही जाईल अशी धास्ती वाटते. काय करू? – दोन्हीकडची"

ताई,

मिळालेली जागा सोडू नका आणि आईला एकटीला तिकडे हलवूही नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण संस्थेकडे काय मागायचं ते बदललं तर दोन्ही साधण्याची शक्यता आहे. तसा प्रयत्न केल्याशिवाय होकारही कळवू नका आणि नकारही.

एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: आई पडली तेव्हा भावाने शेजाऱ्यांना बोलावून आणलं. मी तिथेच अडले. आई सांभाळणारी आणि तो सांभाळला जाणारा, असं तुम्ही, आई, नातेवाईक आणि संस्था सगळेच धरून चालला आहात. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या दोन माणसांचं नातं असं एकेरी राहत नसतं. पायरी उतरताना आई कोणाच्या खांद्यावर हात ठेवते? खाली पडलेला चष्मा कोण उचलून देतं? रात्री ती उठली की कोण जागं होतं? पुढच्या खेपेला गेलात की दोन दिवस काही न बोलता नुसतं बघा.

मग ते कागदावर मांडा. माणसाचं रोजचं किती त्याचं तो करू शकतो हे तपासायला जगभर दोन जुन्या याद्या वापरतात. पहिली अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आपल्या हाताने जेवणं. दुसरी १९६९ ची, लॉटन आणि ब्रोडी यांची. तिच्यात घर चालवण्याची कामं आहेत: फोन, खरेदी, स्वयंपाक, आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा व्यवहार. दोघांच्या नावाचे दोन रकाने आखा आणि भरा. भरताना एक पथ्य पाळा. भावाला एखादं काम येत नाही, की आई त्याला ते करूच देत नाही, हे वेगळं लिहा. मायेपोटी कित्येक हात वर्षानुवर्षं रिकामे बसवलेले असतात.

माझा अंदाज असा आहे की पहिल्या यादीतलं बहुतेक सगळं भाऊ करत असेल आणि आईला त्यातली अंघोळ आणि उठबस आता जड जात असेल. दुसऱ्या यादीत चित्र उलटं असेल. औषधं, पैसे, फोन आईकडे, उचलणं-ठेवणं-झाडणं त्याच्याकडे. दोघांचे रकाने एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ एक अख्खं घर भरतं. थोड्या फटी राहतात, त्या बाहेरच्या मदतीने बुजवता येतात. संस्थेने मात्र वयावरून एकीला एका दारातून आणि निदानावरून दुसऱ्याला दुसऱ्या दारातून आत घ्यायचं ठरवलं आहे. तसं झालं की आईला हात देणारा हवा आणि भावाला औषधाची आठवण करणारा हवा, अशी दोन नवी माणसं लागतील. आज ती कामं फुकट आणि प्रेमाने होताहेत. संस्थेच्या हिशेबनिसालासुद्धा हे पटायला हरकत नाही.

म्हणून मागणं बदला. 'आईला खाट आणि भावाला खाट' असं मागू नका. दोघांना मिळून एक दार मागा: दोन खोल्या, आणि त्यात दिवसातून ठरावीक वेळी येणारा मदतनीस. निवारा ही एक गोष्ट आणि मदत ही दुसरी. बहुतेक संस्थांनी त्या दोन्हींची मोट बांधून ठेवलेली असते, त्यामुळे जागा हवी तर त्यांच्या साच्यात बसावं लागतं. त्या सोडवून वेगवेगळ्या मागितल्या की वाटाघाटीला जागा होते. ज्येष्ठांच्या इमारतीत आईला जी खोली देताहेत तिच्यात दुसरं माणूस राहू शकतं का, हा तर पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न होता. पत्नीसोबत पती चालत असेल, तर आईसोबत मुलगा का नाही? नियम आडवा येत असेल तर तो लेखी दाखवा म्हणा. पुष्कळदा नियम नसतो, तसं आजवर कोणी मागितलेलं नसतं एवढंच.

असं मागणं म्हणजे फार झालं, असं मनात आणू नका. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात याकोब फुगर नावाच्या सावकाराने १५२१ मध्ये गरजूंसाठी वसाहत स्थापन केली. फुगराय म्हणतात तिला. ती आजही चालू आहे आणि मूळ भाडं वर्षाला एक गुल्डन ठरलं होतं, तेच आजच्या चलनात ०.८८ युरो म्हणून घेतात. तिथे कुटुंबं राहत आली, आणि प्रत्येक घराला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार आहे. अटीही आहेत: माणूस त्या शहराचा, कॅथलिक आणि गरजू असावा, आणि त्याने देणगीदाराच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात. अट पटो न पटो, ती उघड आहे आणि आत जाण्याआधी कळते. पाचशे वर्षांपूर्वीच्या सावकाराला दानात स्वतंत्र दार बसवता आलं, तर आजच्या विश्वस्तांनी त्याचा विचार करणं अशक्य नसावं.

कायद्याचं बळही या बाजूने आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला आणि मे २००८ पासून लागू आहे. जगातल्या बहुतेक देशांनी तो स्वीकारला आहे. त्याचं १९ वं कलम सांगतं की आपण कुठे आणि कोणासोबत राहायचं हे निवडण्याची संधी अपंग व्यक्तीला इतरांइतकीच असली पाहिजे आणि तिला विशिष्ट व्यवस्थेत राहण्याची सक्ती होता कामा नये. देशोदेशीचे कायदे ते कसं राबवतात ते वेगवेगळं असतं, तेव्हा तुमच्याकडच्या तरतुदी स्थानिक वकील किंवा अपंगांच्या संघटनेकडून समजून घ्या. पण संस्थेला पत्र लिहिताना या कलमाचा एका ओळीत उल्लेख करायला काहीच हरकत नाही. पत्र वाचणाऱ्याची बसायची ढब बदलते.

आणि हो, भावाला कोणी विचारलंय का? तुमच्या पत्रात आईचं म्हणणं आहे, नातेवाइकांचं आहे, संस्थेचं आहे. त्याचं नाही. त्याला दोन्ही इमारती दाखवा, तिथे तासभर बसू द्या, घरी आल्यावर काय आवडलं ते चित्रं किंवा फोटो समोर ठेवून विचारा. उत्तर शब्दांत येईलच असं नाही. कुठे रेंगाळला, कुठून हात ओढून बाहेर काढलं, हेही उत्तरच.

आता एक जरा जड विषय. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं द्रव्य ज्या प्रथिनापासून तयार होतं, त्याचं जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे या माणसांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा बराच लवकर, पुष्कळदा पन्नाशीच्या आसपास, गाठू शकतो. एका पिढीपूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेसारख्या देशांतही डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या घरात होतं. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि एकूण उपचार सुधारले, आणि आता तिथे ते साठीपर्यंत जातं. म्हणजे संस्थेच्या हिशेबात 'अपंग' असलेला तुमचा भाऊ थोड्याच वर्षांत 'ज्येष्ठ'ही होणार आहे, पासष्टी गाठायच्या कितीतरी आधी. मग त्याला कोणत्या इमारतीत ठेवणार? हा प्रश्न त्यांना सरळ विचारा: "हा इथे म्हातारा होऊ शकेल का? त्याचं विस्मरण वाढलं, चालणं थांबलं, तर तुम्ही त्याला ठेवाल की घेऊन जा म्हणाल?" यावर जी संस्था गडबडते तिने अजून स्वतःचाच विचार पूर्ण केलेला नाही.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. आत्ता त्याची स्मृती, ऐकू येणं, दृष्टी आणि थायरॉइड तपासून आजची स्थिती नोंदवून ठेवा. पुढे वागण्यात बदल दिसला तर तुलनेला काहीतरी हाताशी असेल. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं आणि ऐकू कमी येणं सर्रास आढळतं. त्यानेही माणूस सुस्त, हट्टी किंवा विसराळू वाटतो, आणि त्यावर उपाय आहेत. 'त्याच्या आजारामुळेच असेल' असं म्हणून डॉक्टरही कधी कधी पुढचं बघत नाहीत. तुम्ही बघायला लावा.

आईच्या पडण्याचंही तेच. वर्षात दोनदा पडणं याला नुसतं वय म्हणून सोडून देऊ नये. उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो का, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोल जातो का, नजर, पायांची ताकद, रात्री शौचालयाला जायची वाट, सगळं तपासून घ्या. कारण सापडलं आणि दूर करता आलं, तर कदाचित तुमची घाईच कमी होईल. घाई कमी झाली की संस्थेशी बोलताना आवाजही निराळा लागतो.

भावाला 'तोवर तुमच्याकडे न्या' ही सूचना मात्र मला मुळीच पटली नाही. प्रतीक्षा याद्या पुष्कळ ठिकाणी निकड पाहून हलतात. बहिणीच्या घरी सुखरूप असलेल्या माणसाचं नाव खाली खाली सरकत जातं, आणि 'तात्पुरतं' हा काळ मोजायला कोणी बसत नाही. तुम्हाला त्याला कायमचं सोबत ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण ते तुमच्या घरातल्या सगळ्यांनी मिळून, उघड्या डोळ्यांनी ठरवा. संस्थेच्या सोयीसाठी नको. शिवाय त्या मधल्या काळात तो आई, घर, गल्ली, ओळखीचे चेहरे एका दमात गमावणार आणि मग संस्थेत जाताना तुम्हालाही. त्याला दोनदा उपटायचं कशाला?

हमीपत्राबद्दल. त्या वाक्यावर सही करू नका. ते खोडा, बाजूला सही करा आणि कागद परत द्या, किंवा आधी बोलून वगळायला सांगा. असं वाक्य कायद्यापुढे टिकेल की नाही हा मुद्दा वेगळा. मला चिंता आहे ती ते लिहावंसं वाटण्यामागच्या वृत्तीची. स्वस्तात ठेवतोय म्हणजे उपकार करतोय, आणि उपकार घेणाऱ्याने तोंड उघडू नये, हा धर्मादाय कामातला फार जुना रोग आहे. चांगल्या माणसांनाही तो जडतो. तुम्ही ते वाक्य काढायला सांगाल तेव्हा समोरची व्यक्ती काय करते ते नीट पाहा. "अहो, जुना नमुना आहे, काढून टाकू" म्हणाली तर ठीक. "विश्वास नसेल तर येऊ नका" म्हणाली तर तुमचं काम सोपं झालं, दुसरी संस्था शोधा.

चांगल्या हेतूने उभ्या राहिलेल्या घरातही राहणाऱ्याला बोलता येणं किती गरजेचं असतं, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये लेनर्ड चेशायर या माजी वैमानिकाने १९४८ मध्ये ल कोर्ट नावाच्या आपल्या मोठ्या घरात एका मरणासन्न माणसाला आश्रय दिला आणि त्यातून अपंगांच्या निवासगृहांची मोठी साखळी उभी राहिली. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नव्हतं. पण त्याच ल कोर्टमध्ये राहणाऱ्या अपंगांना कधी झोपायचं, कधी बाहेर जायचं अशा बाबींत आपलं म्हणणं चालावं म्हणून व्यवस्थापनाशी झगडावं लागलं. त्यांच्यातला पॉल हंट १९७२ मध्ये एका वर्तमानपत्राला पत्र लिहून संस्थांमधल्या अपंगांना एकत्र येण्याचं आवाहन करता झाला, आणि त्यातून ब्रिटनमधल्या अपंग हक्कांच्या चळवळीला मोठी चालना मिळाली. धर्मादाय घरातल्या रहिवाशांची तक्रार ही कृतघ्नता नव्हती. पुढे जी धोरणं बदलली त्यांची सुरुवात तिथून झाली.

दुसरं उदाहरण कडू आहे. ज्याँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोघांसोबत एका घरात राहायला सुरुवात केली. 'लार्श' या नावाने ते काम अनेक देशांत पसरलं; अपंग आणि बिनअपंग माणसं एकाच घरात, एकाच टेबलावर, ही त्यामागची कल्पना. ती कल्पना आजही मला मोलाची वाटते. व्हानिए हयातभर संतासारखे पूजले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, लार्शनेच बाहेरच्यांकडून करवून घेतलेल्या चौकशीत त्यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं पुढे आलं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, पण ज्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नव्हतं त्याच्या प्रभावाखाली होत्या. संस्थेने स्वतःच्या संस्थापकाविरुद्ध चौकशी लावली आणि अहवाल जगापुढे ठेवला, हेही तितकंच खरं. तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीला हार आहे की नाही यावरून काही ठरवू नका. तक्रार कोणाकडे जाते, तो माणूस संस्थेच्या पगारावर आहे का, आणि मागच्या तक्रारीचं काय झालं, हे विचारा.

संस्था बघायला दुपारी, ठरवून जाऊ नका. म्हणजे एकदा तसे जा, पण पुन्हा संध्याकाळी उशिरा न सांगता जा. दिवसा सगळ्या संस्था बऱ्या दिसतात. रात्री कामावर किती जण असतात आणि ते जागे असतात का, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बाकीचं नजरेने कळतं. राहणारे कुठे बसलेत, दूरचित्रवाणीसमोर एका रांगेत की आपापल्या उद्योगात? कर्मचारी त्यांच्याशी बोलतात की त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी? भावाच्या वयाच्या माणसाला कोणी 'बाळ' म्हणून हाक मारतंय का? खोलीचं दार आतून लावता येतं का, आणि अडचणीत बाहेरून उघडता येतं का? दोन्ही हवं. औषधं कोण देतं, आणि शांत ठेवण्याच्या गोळ्या किती जणांना चालू आहेत? हा शेवटचा प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा उतरला तर लक्षात ठेवा. तिथल्या एखाद्या रहिवाशाशी कर्मचारी जवळ नसताना बोला.

इमारतीचं म्हणाल तर मोजपट्टी घेऊन जा, लाजू नका. आईला आज चाकाची खुर्ची लागत नसली तरी उद्याचं कोणी पाहिलंय. उतार असेल तर एक फूट चढण्यासाठी निदान बारा फूट लांबी हवी. चाकाची खुर्ची पूर्ण वळायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते. न्हाणीघरात ती सहसा नसते, आणि माणसं पडतात ती नेमकी तिथेच. शौचकूपाजवळची आधाराची दांडी भिंतीत पक्की आहे का ते स्वतः भार टाकून बघा. मदतीची दोरी किंवा घंटा जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली हवी. ती पलंगाच्या उशाशीच असेल तर उपयोग अर्धाच.

देणगीचं थोडक्यात. ऐच्छिक असेल तर ती प्रवेशानंतर, पावतीवर, ऐपतीप्रमाणे. प्रवेशाआधी आकडा सांगितला जात असेल तर ती अनामत आहे, आणि अनामत कधी व कशी परत मिळते ते लिहून घ्या. आईचं घर संस्थेच्या नावे करण्याची सूचना आली तर तिथल्या तिथे नाही म्हणा. भावाच्या नावाने येणारे पैसे कोण हाताळतं आणि त्याचा हिशेब तुम्हाला दर महिन्याला मिळेल का, हेही लेखी हवं. त्याच्या खिशात त्याला हवे तसे खर्चायला काही पैसे राहतील ना, हेसुद्धा.

आता आई. 'माझे डोळे मिटेपर्यंत' या वाक्यात तिने एक गोष्ट नजरेआड केली आहे: डोळे मिटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठे उठेल? तिने हा विचार केला नसेल असं मी म्हणत नाही. रात्र रात्र केला असेल, म्हणून तर बोलत नाही. तिला ती गेल्यानंतरचं विचारू नका. ती असतानाचं विचारा: "नव्या जागी त्याची घडी तू बसवून दिलीस तर ती बसेल. ते मला जमणार नाही, परक्याला तर नाहीच." हे खुशामत म्हणून सांगायचं नाही, खरंच तसं आहे. आई सोबत असताना तो नव्या खोलीत रुळला, मदतनिसाच्या हाताला सरावला, तर पुढे तिच्या जाण्याचं दुःख तेवढं दुःखच राहील. एरवी त्याच आठवड्यात त्याची आई, घर आणि दिनक्रम तिन्ही जातात, आणि मग तो आक्रमक झाला, जेवेना, असं संस्था कळवते. सुरुवात लहान करा. चार दिवस दोघांनी मिळून तिथे पाहुणे म्हणून राहून बघायचं. बऱ्याच संस्था अशा मुक्कामाला तयार असतात, कारण त्यांनाही माणूस पारखायचा असतो.

एक वही भरून घ्या आईकडून. भावाबद्दल तिला जे माहीत आहे ते तिने सांगावं, तुम्ही लिहावं. त्याचं पोट दुखतं तेव्हा तो काय करतो. दाताचं दुखणं कसं ओळखायचं. कशाच्या आवाजाला बिचकतो. कोणत्या दोन शब्दांनी शांत होतो. कपडे कोणत्या क्रमाने घालतो आणि क्रम चुकला तर काय होतं. कोणाच्या मृत्यूबद्दल त्याला काय सांगितलंय. ब्रिटनमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाबरोबर रुग्णालयात अशी माहितीची पुस्तिका देण्याची पद्धत आहे, ती याच अनुभवातून आली. आज ही सगळी माहिती एका ७८ वर्षांच्या माणसाच्या डोक्यात आहे, आणि तिची दुसरी प्रत नाही.

नातेवाइकांना उत्तर देत बसू नका. फार बोलले तर दर रविवारी भावासोबत दोन तास घालवण्याची यादी करतोय, तुमचं नाव कोणत्या रविवारी घालू, एवढं विचारा.

संस्थेने एकत्र जागेला साफ नकार दिला तर? तर दोघांची नावं यादीत राहू द्या आणि मदत घरी आणायच्या मागे लागा: सकाळी आईच्या अंघोळीला कोणी, भावासाठी दिवसभराचं केंद्र असेल तर तिथे, न्हाणीघरात दांड्या, आणि पडल्यावर दाबायचं बटण आईच्या गळ्यात. ते कसं आणि कधी दाबायचं हे भावालाही शिकवा. शेजाऱ्यांना हाक मारायचं त्याला न शिकवता सुचलं होतं. इमारत न देणाऱ्या संस्थाही पुष्कळदा घरपोच मदतनीस, वाहन किंवा उपकरणं देतात; तुमच्या संस्थेची अशी शाखा आहे का तेही विचारून ठेवा.

या आठवड्यात मात्र एवढं पत्र पाठवा. शब्द तुमच्या सोयीने बदला:

"आपण आईसाठी देऊ केलेली जागा आम्हाला हवी आहे. आई आणि भाऊ एकमेकांच्या आधाराने राहतात. सोबत दोघांच्या दैनंदिन क्षमतांचा तक्ता जोडला आहे. त्यांना वेगळं केल्यास दोघांचीही गरज वाढेल. म्हणून दोघांचं मूल्यमापन एकत्र करावं, आणि ज्येष्ठांच्या इमारतीत किंवा अन्यत्र दोघांना मिळून एक निवास व ठरावीक वेळेची मदत देता येईल का ते कळवावं. कोणासोबत राहायचं हे निवडण्याचा भावाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या १९ व्या कलमात मान्य केलेला आहे. हे मूल्यमापन होईपर्यंत आईची जागा आणि यादीतला भावाचा क्रम दोन्ही कायम ठेवल्याचं लेखी कळवावं. हमीपत्रातील तक्रारीविषयीचं वाक्य वगळून सुधारित प्रत पाठवावी. प्रवेशापूर्वी दोघांना काही दिवस राहून पाहता यावं, अशीही विनंती आहे."

पोच घ्या. फोनवर उत्तर आलं तर ऐकून घ्या, आभार माना आणि तेच पत्राने कळवायला सांगा.